‘एक पुणेकर’ यांस उत्तर : पोलंड, जर्मनी आणि कोल्हापूर

वाचक महोदय,

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पोलंड आणि जर्मनीवरच्या माझ्या लेखाखाली आपण ‘एक पुणेकर’ या नावाने लिहिलंत. नावाच्या जागी गाव लिहिणाऱ्यांना उत्तर देऊ नये, असं घरच्यांचं मत पडलं. तरी देतोय. बाकीच्या वाचकांसाठी आपली प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी : “लेख म्हणजे जर्मनीची आरती आहे. ब्रांटच्या गुडघ्यांनी पोलंडला काय मिळालं? भरपाईचा छदाम नाही. कोल्हापुरात बसून इंटरनेटवर पोलंड वाचणाऱ्यांनी तिथल्या माणसांच्या दुःखावर निकाल देऊ नये.” (ब्रांट म्हणजे पश्चिम जर्मनीचा तेव्हाचा चॅन्सेलर, सरकारप्रमुख, विली ब्रांट. पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, तो ज्यू उठावाच्या स्मारकापुढे गुडघ्यांवर बसला होता.)

चार वाक्यं. त्यात मुद्दा किती आणि हिणवणं किती, हे वाचणाऱ्यांनी ठरवावं. मतभेदाला माझी ना नाही. याहून कडक शब्दांत लोकांनी मला इथे सुनावलंय आणि ते सगळं जागच्या जागी आहे. पण आपल्याला वाद घालायचाच नव्हता. मला गप्प बसवायचं होतं.

एक मान्य. युद्धाच्या नुकसानभरपाईचा प्रश्न लेखात दोन ओळींत उरकलाय आणि तो दोन ओळींचा नाही. १९५३ साली पोलंडने भरपाईवरचा हक्क सोडला तो मॉस्कोच्या दबावाखाली, असं आज तिथे अनेकजण म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. २०२२ साली पोलिश सरकारने ६.२ लाख कोटी झ्लॉटींचा (झ्लॉटी हे तिथलं चलन) हिशेब मांडला. विषय कधीच संपलाय, असं म्हणून बर्लिनने हात झटकले. पण ‘छदाम नाही’? युद्धात वेठीला धरलेल्या मजुरांसाठी जर्मन सरकार आणि तिथल्या कंपन्यांनी २००० साली १० अब्ज मार्कांचा निधी उभा केला, त्यातून पोलंडमधल्या लाखो लोकांच्या हातात पैसे पडले. कमी होते म्हणा, फार उशिरा आले म्हणा. छदाम म्हणू नका.

आरतीचं म्हणाल तर लेख पुन्हा वाचा. त्याची सुरुवात जर्मनांपासून नाही, नोव्हेंबर १९६५ मधल्या पोलिश बिशपांच्या पत्रापासून आहे. “आम्ही क्षमा करतो आणि क्षमा मागतो” असं जर्मन बिशपांना लिहिणारी ती माणसं बेचिराख झालेल्या देशातली होती आणि त्यापायी त्यांच्याच सरकारने त्यांना धारेवर धरलं. ब्रांट त्यानंतर पाच वर्षांनी आला. वॉर्सात ७ डिसेंबर १९७० ला तो गुडघ्यांवर बसला, त्याच दिवशी झालेल्या करारात पश्चिम जर्मनीने ओडर आणि नाइसे या नद्यांवरची पोलंडची सीमा मानली. पोलंडला मिळालं ते हे. लाखो जर्मनांना हाकलून जिथे पोलिश माणसं वसवली होती, तो सगळा मुलूख त्या रेषेच्या पोलंडकडच्या बाजूचा. खुद्द जर्मनीत तेव्हाच्या पाहणीत ४८ टक्के लोकांना त्याचं गुडघे टेकणं अती वाटलं होतं.

आता कोल्हापूर.

साहेब, पोलंड बघायला आमच्या माणसांना इंटरनेट लागलं नव्हतं. १९४३ ते १९४८ या काळात युद्धाने देशोधडीला लागलेली पाच हजारांच्या आसपास पोलिश माणसं कोल्हापूरला लागून असलेल्या वळिवड्याच्या कॅम्पात राहत होती. बहुतेक बायका आणि पोरं. त्यांचं चर्च होतं, शाळा होत्या. आमचं मूळ गाव तिथून हाकेच्या अंतरावर, आणि माझे आजोबा सायकलला किटल्या अडकवून कॅम्पात दूध घालायचे. नासलेलं दूध तिथल्या बायका मुद्दाम मागून घेत, कापडात बांधून टांगत आणि त्याचा चक्का भाकरीतुकड्याबरोबर पोरांना देत, हे आजोबा शेवटपर्यंत नवलाने सांगायचे. ‘जेन दोब्री’ हा पोलिश नमस्कार आजोबा सगळ्यांना घालायचे. सुनांना, नातवंडांना, एखादे दिवशी म्हशीलासुद्धा.

त्या बायका एकच गोष्ट विचारत, असं आजोबा म्हणायचे : लढाई संपल्यावर आमचं गाव कुठल्या देशात राहणार? ते पोलंडमध्ये राहिलं नाही. सीमा पश्चिमेकडे सरकली, त्यांची घरं सोव्हिएत संघात गेली, आणि अनेकजणी इंग्लंड-ऑस्ट्रेलियाकडे निघून गेल्या. मग त्याच बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. आज आपण ज्या गांधीनगरात कापड घ्यायला येता (पुण्याहूनही येतात, मी पाहिलंय), ते तेच. ती पोरं म्हातारी होऊन इथे परत आली तेव्हा त्यांतल्या काहींना कॅम्पाची जागा दाखवायला मी स्वतः गेलोय. वॉर्सात त्या कॅम्पाची स्मृतिशिला आहे. २०२४ मध्ये आपले पंतप्रधान तिथे जाऊन आले. तेव्हा मी कशावर बोलावं आणि कशावर नाही, याचा परवाना पुण्याहून काढायची गरज मला तरी वाटत नाही.

आता तुम्ही म्हणाल, वळिवड्याच्या लोकांना सायबेरिया-कझाकस्तानात नेऊन टाकलं ते सोव्हिएतांनी, जर्मनांनी नव्हे. मग दाखला कसला देता? माहीत आहे. म्हणूनच देतोय. पोलंडला शेजारी दोन होते. १९३९ च्या सप्टेंबरात एक पश्चिमेकडून शिरला, सतरा दिवसांत दुसरा पूर्वेकडून. पश्चिमेकडच्याशी भांडण अजून चालू आहे, पण १९७२ पासून दोघांचे इतिहासकार एका टेबलाशी बसून पाठ्यपुस्तकांवर वाद घालतात. पूर्वेकडच्याने कातिनच्या जंगलात आणि इतरत्र मिळून सुमारे २२,००० पोलिश अधिकारी आणि इतर कैद्यांना गोळ्या घातल्या आणि १९९० पर्यंत ते जर्मनांच्या माथी मारलं. गांधीनगरात मला भेटलेल्या म्हाताऱ्यांना भरपाईचं काही नव्हतं. झालं ते झालं, असं कुणीतरी तोंडाने कबूल करावं, एवढंच त्यांना हवं होतं. माझा लेख त्या फरकाबद्दल होता. तुम्ही गुडघ्यांपाशीच अडकलात, त्याला माझा इलाज नाही.

तुम्ही जोडलेल्या दोन लिंकांपैकी एक उघडत नाही. दुसरी पोलिश भाषेत आहे. तुम्ही ती वाचली असाल असं धरून चालतो.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही. यापुढची नावानिशी आली तरच ठेवीन. हा नियम आजपासून, आणि सगळ्यांना.