पीएसटी कॉपी झाली म्हणजे मेल सुखरूप आले, असे नाही

मुंबईतल्या सोसायट्यांच्या आणि छोट्या कार्यालयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला फिरत असतो: ‘आउटलुकची पीएसटी फाइल पेन ड्राइव्हवर घ्या, नव्या संगणकावर उघडा, जुनी पुसून टाका, आवृत्ती कोणतीही असो, सगळे जसेच्या तसे येते.’ आउटलुक हा मायक्रोसॉफ्टचा ईमेलचा प्रोग्रॅम आणि पीएसटी ही त्यातले मेल साठवणारी फाइल. हा सल्ला अर्धा खरा आहे, म्हणूनच अधिक फसवा आहे.

‘आवृत्ती कोणतीही’ हे चूक आहे. आउटलुक 2002 पर्यंतची पीएसटी आन्सी, म्हणजे मोजक्याच लिप्यांची अक्षरे साठवणाऱ्या जुन्या स्वरूपाची असे आणि तिला 2 जीबीची मर्यादा होती. बहुतेक सर्व लिप्या साठवू शकणारी युनिकोड पीएसटी आउटलुक 2003 पासून आली. 2003 आणि त्यानंतरचे क्लासिक आउटलुक जुनी फाइल उघडते, 2002 पर्यंतचे मात्र नवी उघडत नाही. शिवाय नंतरच्या आवृत्तीत उघडल्याने जुनी फाइल युनिकोड होत नाही, मर्यादाही तीच राहते. त्यासाठी नवी डेटा फाइल तयार करून जुनीतले फोल्डर तिच्यात आयात करावे लागतात.

‘जसेच्या तसे’ हा दावा मराठी माणसाने तरी मान्य करू नये. आन्सी फाइलमध्ये अक्षरे विंडोजच्या कोड पेजप्रमाणे (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या तक्त्याप्रमाणे) साठतात आणि देवनागरीसाठी तसे आन्सी कोड पेज विंडोजमध्ये नाहीच; त्यामुळे ‘वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना’ हा विषय अशा फाइलमध्ये गेला की नुसती प्रश्नचिन्हांची रांग उरते, आणि मूळ अक्षरांचे बाइटच साठलेले नसल्याने पुढे कितीही नवी आवृत्ती घेतली तरी ती परत मिळत नाहीत. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेल्या मजकुराची गोष्ट निराळी: तो अगम्य रोमन अक्षरांसारखा दिसतो, पण शाबूत असतो, आणि तोच फॉन्ट बसवल्यास किंवा कन्व्हर्टर वापरल्यास वाचता येतो. या दोहोंत गल्लत करून अनेक जण वाचवता येण्याजोगे मेलही टाकून देतात.

पेन ड्राइव्ह एफएटी32 या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, तर 4 जीबीहून मोठी फाइल त्यावर मावतच नाही. कॉपी करण्यापूर्वी आउटलुक बंद करावे. स्वाक्षऱ्या वेगळ्या फोल्डरमध्ये असतात. त्या पीएसटीबरोबर येत नाहीत.

‘जुनी पुसून टाका’ हे सर्वांत घातक. पॉप खात्यात, म्हणजे सर्व्हरवरचे मेल संगणकावर उतरवून घेणाऱ्या खात्यात, मेल उतरवल्यावर सर्व्हरवरची प्रत अनेकदा काढली जाते, म्हणजे ही फाइल एकमेव प्रत असू शकते. प्रत्येक फोल्डरमधली मेलसंख्या जुळवून आणि सर्वांत जुन्या मेलांची जोडपत्रे उघडून पाहिल्याशिवाय, भंगारवाला दारात उभा असला तरी, जुन्या डिस्कला हात लावू नये.