नऊ इंच

काल सकाळी शेजारच्या अण्णांनी मला एका अर्जाची प्रत दिली आणि 'पोच' म्हणून माझ्याच पेनानं माझी सही घेतली. पेन त्यांच्या खिशाला लागलं ते लागलंच. अर्ज हद्द कायम मोजणीचा होता. सोबत हातानं काढलेला नकाशा. त्यात त्यांचं घर, आमचं घर, मधली भिंत, आमचा शेवगा, त्यांची पाण्याची टाकी, आणि आमच्या अंगणात भिंतीला लागून एक छोटंसं वर्तुळ. वर्तुळाला बाण काढून सुवाच्य अक्षरात लिहिलेलं : 'भोक (व्यास ६ इंच)'.

हे भोक माझं आहे. म्हणजे होतं.

सुट्टीत पोरं दिवसभर मोबाईलमध्ये तोंड खुपसून बसतात म्हणून मी मागच्या अंगणात नेम धरायचा एक खेळ बनवायला घेतला, एवढंच मूळ प्रकरण. अमेरिकेतल्या मावसभावाच्या घरामागे असा खेळ फोटोत बघितला होता. कॉर्नहोल म्हणतात त्याला. दोन फूट रुंद, चार फूट लांब अशी उतरती फळी, मागची बाजू जमिनीपासून एक फूट वर, वरच्या कडेपासून नऊ इंचांवर मध्य धरून सहा इंचांचं भोक. अशा दोन फळ्या समोरासमोर, मध्ये सत्तावीस फूट. एकानं चार पिशव्या टाकायच्या. भोकात गेली तर तीन गुण, फळीवर राहिली तर एक. तुझे-माझे गुण एकमेकांतून वजा करायचे, जो आधी एकवीस करेल तो जिंकला. पिशव्यांत पूर्वी मक्याचे दाणे भरत म्हणून हे नाव. १८८३ साली कुणीतरी अमेरिकेत अशाच एका फळीचं पेटंटही घेतलं होतं, फक्त तिचं भोक चौकोनी होतं. त्याच्या शेजारी कोण राहत होतं, याचा उल्लेख कुठे नाही.

सुतारापासूनच शकुन बरा नव्हता.

"भोक कशाला?"

"पिशवी टाकायला."

"आनि पिशवी खाली गेली की?"

"उचलायची."

"मग?"

"परत टाकायची."

त्यानं पेन्सिल कानावर ठेवली. बराच वेळ फळीकडे बघितलं. "म्हंजे बेसिन न्हाई बसवायचं."

"नाही."

"पाइप बी न्हाई जायाचा."

"नाही."

शेवटी आजारी माणसाची चौकशी करावी तशा आवाजात त्यानं विचारलं, "कुत्र्यासाठी हाय का?"

मी हो म्हणालो. लगेच भोक पाडून मिळालं. कडाही घासून दिल्या, कुत्र्याच्या मानेला लागू नयेत म्हणून.

पिशव्यांचं वेगळंच. एक पिशवी साधारण साडेचारशे ग्रॅमची, अशा आठ, म्हणजे तीन किलो सहाशे ग्रॅम दाणे. मी डब्यातली ज्वारी मोजायला घेतली तर आई दारात. "पायाखाली टाकायला ज्वारी?" पायाखाली नाही, भोकात, असं मी सांगितलं. त्यानं प्रकरण चिघळलं. तडजोड अशी झाली की तिनं मागल्या वर्षीची सोंडे लागलेली ज्वारी काढून दिली. त्यामुळे पिशवी फळीवर आपटली की पिठाचा एक लहानसा ढग उठायचा आणि त्यातून दोन-तीन सोंडे चालत बाहेर यायचे. धाकट्याला खेळातला हाच भाग सगळ्यात आवडला. अमेरिकेत आता पिशव्यांत प्लॅस्टिकचे दाणे भरतात, त्यामागे बहुधा कुणाची तरी आईच असावी.

खेळाची आखणी करणं ही गोष्ट वाटते तेवढी सोपी नाही, हे मला इथे जरा फुशारकीनं सांगू द्या, कारण पुढे फुशारकीला जागा नाही. भोक फार मोठं केलं तर पोरं दहा मिनिटांत कंटाळतात, फार लहान केलं तर पाच. जत्रेतला रिंगवाला या शास्त्रातला खरा तज्ज्ञ. त्याची रिंग साबणाच्या वडीवर बसते, पण अगदी सरळ वरून ठेवली तरच. तो स्वतः हात लांब करून बसवून दाखवतो, "बघा, बसती का न्हाई?" आणि आपण तीन मीटरवरून तिरकी फेकत राहतो. लहानपणी मी जत्रेचे सगळे पैसे एका रेडिओवर घालवले होते. मिळाला कंगवा. तोही दात मोजून घ्यावा असा.

किंवा डार्टची तबकडी घ्या. तिथे सगळ्यात मोठा आकडा वीस. त्याच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला पाच. म्हणजे विसाचा लोभ धरून नेम जरा चुकला की आपण कपाळावर हात मारायचा. विसाला स्वतःचे शेजारी निवडता आले असते तर त्यानं हे दोन खचितच निवडले नसते. आमच्या घराच्या एका बाजूला पाच राहतो. त्याची फक्त गाडी आमच्या फाटकासमोर असते. दुसऱ्या बाजूला अण्णा.

अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले त्याला चौदा वर्षं झाली, पण खातं अण्णांमधून अजून निवृत्त झालेलं नाही. पहिल्या संध्याकाळी मी फळ्या मांडतोय तोच भिंतीवर त्यांची टोपी दिसली. मग चष्मा. मग "काय काम काढलंय?"

मी सांगितलं.

"इस्टिमेट?"

"नाही, असंच."

"असंच," त्यांनी तो शब्द चव घेऊन थुंकल्यासारखा म्हटला आणि टोपी खाली गेली. मला वाटलं गेले. पाच मिनिटांनी फाटकातून आत आले ते हातात पाणसळ, ओळंबा, स्टीलचा टेप आणि लेव्हलची नळी घेऊन. काखेत एक जाड कापडी बांधणीची वही. ती त्यांची एमबी. मेजरमेंट बुक. नोकरीतली नव्हे, ती सरकारजमा झाली. ही घरची. हिच्यात दुधाच्या पिशव्यांपासून नातवाच्या उंचीपर्यंत सगळं लांबी, रुंदी, खोली अशा रकान्यांत आहे. नातवाला खोलीच्या रकान्यात काय लिहिलंय ते मी विचारलं नाही.

"बाळ, हे टोक धर," म्हणत त्यांनी थोरलीच्या हातात नळीचं एक टोक दिलं. दुसरं टोक घेऊन ते पायरीपाशी गेले. नळीतलं पाणी थांबेपर्यंत कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही. ज्या पोरीला मी महिनाभर मोबाईलवरून उठवू शकलो नव्हतो ती हातात पाण्याची नळी धरून चार मिनिटं श्वास रोखून उभी होती. याचं मला आनंदाऐवजी वाईट का वाटलं, ते मला नीट सांगता येणार नाही.

"उतार आहे," अण्णा म्हणाले. "एकोणतीस फुटांत तीन इंच. भिंतीकडे. तरीच पावसाळ्यात तुमचं पाणी माझ्याकडे येतं."

"खेळाला तीन इंचांनी काय होतंय, अण्णा?"

"कालव्याला एवढा उतार दिला असता तर मला सस्पेंड केलं असतं."

मग ते फळीकडे वळले. भोकात हात घालून बघितला. आतून बाहेर, बाहेरून आत. "विसर्ग किती?"

"काय?"

"एका वेळी यातून किती पिशव्या जाणार?"

"एकच. गेली तर."

"गेली तर!" त्यांनी वही उघडली, तारीख टाकली, आणि मला म्हणाले, "करा सुरू."

बायको, आई, पोरं, पोरांचे दोन मित्र, वर गच्चीवर कपडे काढायला आलेल्या अण्णांच्या सूनबाई, सगळ्यांसमोर मी बत्तीस पिशव्या टाकल्या. दर पिशवीनंतर अण्णा निर्विकार आवाजात नोंद वाचत. "शून्य. शून्य. भिंत. शून्य. एक. खाली घसरली, एक रद्द. शून्य. शेवगा." मावसभावाच्या फोटोत लोक एका हातात ग्लास धरून हे सगळं सहज करत होते. मी दोन्ही हात मोकळे ठेवून घामाघूम झालो. शेवटी अण्णांनी बेरीज केली आणि म्हणाले, "पहिल्या दिवशीचा एकूण विसर्ग निरंक."

पण माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. त्याच संध्याकाळी बायकोनं चहा आणला. अण्णा बशीत चहा ओतत होते. मी सहज, कुणालाही न सांगता, तेहेतिसावी पिशवी टाकली. ती हवेत वळली, फळीला शिवलीसुद्धा नाही, आणि धप्पकन सरळ भोकात. पिठाचा ढग भोकातून वर आला. पोरं ओरडली. मी दोन्ही हात वर केले. अण्णांनी बशी खाली ठेवली.

"काय झालं?"

"गेली! तीन!"

"मी बघितलं नाही."

"अहो, सगळ्यांनी बघितलं!"

"असेल. पण मोजमाप घेतल्याशिवाय बिल निघत नाही. एमबीत नोंद नाही ते काम झालेलंच नाही." आणि बशी पुन्हा तोंडाला लावली.

अजून आठवलं की माझा हात शिवशिवतो. आयुष्यात माणसाच्या वाट्याला अशा किती पिशव्या येतात? बँकेत तेवीस वर्षं काढली, तिथेही हेच. तुम्ही केलेलं कुणी चहा पीत असताना होतं आणि चुकलेलं मात्र सगळ्यांची नजर असताना. पण ते असो.

जागेचं सांगायचं राहिलं. मला दोन फळ्यांमध्ये सत्तावीस फूट हवे होते. फळ्या धरून पस्तीस फुटांचं अंगण लागतं, आमचं एकोणतीस. म्हणून मी मधलं अंतर एकवीसवर आणलं. एक फळी पायरीला चिकटून, दुसरी अण्णांच्या भिंतीला चिकटून. तेवढी तरी जागा आहे हे नशीब. समोरच्या मैदानात आता गाड्या लागतात, त्याच्या पलीकडच्यात मंगल कार्यालय झालं. लगोरी मांडायची तर पोरांनी मांडावी कुठे? आमच्या लहानपणी सात चिपा आणि एक फाटका चेंडू एवढ्यावर उन्हाळा निघायचा. चिपा फुटक्या कौलाच्या. त्या कोणत्या कौलाच्या, हे विचारायला अण्णा नव्हते.

तर दुसऱ्या दिवशी अण्णा पुन्हा टेप घेऊन आले. "तुम्ही काल एकवीस अधिक चार अधिक चार म्हणालात."

"हो. एकोणतीस."

"बरोब्बर एकोणतीस भरलं?"

"फळ्या घट्ट बसल्या, अण्णा. सुतळी जायला जागा नाही."

मी हे कौतुकानं सांगितलं. माणूस स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताना नेहमीच जरा खुशीत असतो. अण्णांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. ले-आउटचा नकाशा. पिवळा पडलेला, घड्यांवर पारदर्शक टेप लावलेला. "तुमचं अंगण कागदावर अठ्ठावीस फूट तीन इंच आहे."

मी गप्प.

"म्हणजे नऊ इंच जास्त."

"भिंत तर आम्ही घर घेतलं तेव्हापासून आहे तिथेच आहे!"

"भिंत असणं आणि हद्द असणं यात फरक आहे." एवढं बोलून त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, पानावर फुंकर मारली आणि वही मिटली.

पोरांनी खेळ तीन दिवस खेळला. चौथ्या दिवशी घुशीनं दोन पिशव्या पळवल्या, आईनं भिंतीकडची फळी सांडगे वाळवायला मागितली, कारण तिला उन्हाकडे तोंड करून आयता उतार मिळाला होता. भोकावर तिनं ताटली झाकली. खेळ संपला. नऊ इंच राहिले.

काल अर्ज देताना अण्णांनी ते मला शांतपणे समजावून सांगितलं. फळीची वरची कड भिंतीला टेकलेली. भोकाचा मध्य कडेपासून नऊ इंच. "म्हणजे खरी हद्द कुठून जाते?"

मी नकाशा बघितला. तुटक रेषा वर्तुळाच्या बरोबर मधून गेली होती.

"फळी तिरपी असल्यामुळे नऊ इंच सपाटीवर पावणेनऊच्या जरा वर भरतात," ते म्हणाले, "पण शेजारधर्म म्हणून एवढं मी सोडतो. भोक निम्मं तुमचं, निम्मं माझं. मोजणीची फीही निम्मी निम्मी."

बायको म्हणाली, भरून टाका फी, कटकट नको. आई म्हणाली, नऊ इंचांत माझी तुळस येते, एक पैसा देऊ नका. धाकट्यानं विचारलं, "बाबा, मोजणीला येतील ते काका पण नळी आणतील?" त्याच्या डोळ्यांत जी चमक होती ती माझ्या खेळासाठी एकदाही दिसली नव्हती.

रात्री झोप येईना. साडेअकराला मागचं दार उघडलं. सांडगे आत गेले होते, ताटली काढलेली होती, चांदण्यात फळी तशीच पडून. पायरीपाशी एक पिशवी सापडली, घुशीनं एका कोपऱ्याला कुरतडलेली. कुणी बघत नव्हतं. मी पाय रोवला, हात मागे नेला आणि सोडून दिली.

धप्प.

मी दोन्ही हात वर करणार, तेवढ्यात भिंतीपलीकडून बॅटरीचा झोत थेट भोकावर पडला, आणि वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

"दीड," अण्णा म्हणाले.