ॲजाइल टीममधल्या टेस्टरने पुढे जायचे म्हणजे नेमके कुठे?

अप्रेझलचे दिवस आले की पुण्याच्या हिंजवडी-खराडीतल्या आयटी कंपन्यांत टेस्टिंग, म्हणजे सॉफ्टवेअरची तपासणी, करणाऱ्या मंडळींकडून एक प्रश्न हमखास ऐकू येतो : बरोबरीच्या डेव्हलपरला आर्किटेक्टपर्यंतचा रस्ता दिसतो, आम्हाला पुढे काय दिसते? त्यावर ‘ऑटोमेशन (टूलच्या मदतीने आपोआप चालणाऱ्या टेस्ट) शिका’ हे ठरलेले उत्तर मिळते. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे, आणि ते का अपुरे आहे हे कळायचे तर आपल्याकडची बढतीची जुनी व्यवस्था कशावर उभी होती ते आधी पाहायला हवे.

सेवा देणाऱ्या कंपन्यांमध्ये टेस्टिंगचा स्वतंत्र विभाग असे. इंजिनिअर, सिनियर इंजिनिअर, लीड, मॅनेजर अशा पायऱ्या होत्या आणि कोण कोणत्या पायरीवर आहे हे बहुतेक वेळा हाताखालच्या माणसांच्या संख्येवर ठरत असे. लीडच्या साइन-ऑफशिवाय रिलीज पुढे जात नसे, त्यामुळे त्या सहीला वजन होते. ॲजाइल, म्हणजे छोट्या टप्प्यांत सॉफ्टवेअर बनवण्याची पद्धत, आणि तिची स्क्रम नावाची चौकट आल्यावर हा विभाग मोडला आणि एकेक-दोनदोन टेस्टर लहान टीममध्ये वाटले गेले. स्क्रमचे नियम सांगणाऱ्या स्क्रम गाइडच्या २०२० च्या आवृत्तीत डेव्हलपर्स, प्रॉडक्ट ओनर आणि स्क्रम मास्टर एवढ्याच तीन जबाबदाऱ्या आहेत आणि टीम साधारणपणे दहा किंवा त्याहून कमी जणांची असावी असे म्हटले आहे. अशा टीममध्ये एकटा टेस्टर कोणाचा लीड होणार? पदे गेली, पण अप्रेझलचा फॉर्म मात्र जुनाच राहिला. किती टेस्ट केसेस लिहिल्या, किती बग नोंदवले, किती जणांचे काम सांभाळले, हेच तो अजून विचारतो. माझ्या मते खरी अडचण इथे आहे, टेस्टरच्या कौशल्यात नाही.

ॲजाइल ही कल्पना मुळात टेस्टिंगच्या विरोधातली नव्हती. २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटा राज्यात ज्या १७ जणांनी ॲजाइलचा जाहीरनामा लिहिला, त्यांत टेस्टिंगमधले जाणकार म्हणून ओळखले जाणारे ब्रायन मॅरिकही होते. टेस्टिंग हा शेवटचा टप्पा नसून पहिल्या दिवसापासून चालणारे काम आहे, असा तो विचार होता. आपल्याकडे मात्र दहा कामकाजी दिवसांच्या स्प्रिंटमध्ये (कामाच्या ठरावीक टप्प्यात) स्टोरी (ग्राहकाच्या एका गरजेचे छोटे काम) नवव्या दिवशी संध्याकाळी टेस्टरच्या हातात पडते आणि दहाव्या दिवशीच्या डेमोला तोच उशिराचे कारण ठरतो. (स्टँडअप ही छोटी बैठक रोज उभ्यानेच होते, एवढे ॲजाइल आपण नक्की झालो आहोत.)

आता ऑटोमेशनविषयी. ते शिकावेच, शिवाय एपीआय (दोन प्रणालींमधला दुवा), एसक्यूएल (डेटाबेसची भाषा), लॉग (प्रणालीने ठेवलेल्या नोंदी) वाचणे, पाइपलाइन (कोड आपोआप तपासून पुढे पाठवणारी साखळी) कुठे आणि का अडकली हे शोधणे आणि डेव्हलपरने बदललेला कोड वाचता येणे हेही शिकावे. परंतु ऑटोमेशनच्या टूलपैकी सेलेनियम २००४ मध्ये आले, प्लेराइट २०२० मध्ये, आणि आता स्टोरी वाचून टेस्ट केसेस लिहून देणारी एआयची साधनेही हाताशी आहेत. ज्याची किंमत एका टूलवर किंवा टेस्ट केसेसच्या संख्येवर ठरते, त्याची किंमत दर काही वर्षांनी खाली येणारच. शिवाय टेस्ट पास झाली म्हणजे योग्य प्रश्न विचारला गेला असे नव्हे. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका अपडेटमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. नव्या रचनेत २१ फील्ड अपेक्षित होती, प्रत्यक्षात कोड २० च पुरवत होता, आणि आधीच्या टेस्टमध्ये एकविसाव्या फील्डला ‘काहीही चालेल’ असा निकष असल्यामुळे ही विसंगती दिसलीच नव्हती. हिरव्या खुणा पाहून समाधान न मानणारा, आणि गरज पडली तर कोणाचाच विश्वास नसलेल्या डळमळीत टेस्ट सरळ काढून टाकणारा माणूस मला सिनियर वाटतो.

२०२० मध्ये मी कर्जांच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या एका टीममध्ये होते. २७ मार्चला रिझर्व्ह बँकेने मुदतकर्जांचे १ मार्च ते ३१ मे या काळातले हप्ते पुढे ढकलण्याची परवानगी दिली आणि आमच्याकडे ‘तीन हप्ते पुढे ढकलण्याची सोय द्यावी’ अशी एका वाक्याची स्टोरी आली. आमच्या टेस्टरने रिफाइनमेंटमध्येच (काम सुरू होण्याआधी स्टोरीवर होणाऱ्या चर्चेत) विचारायला सुरुवात केली. हप्ता थांबला तरी व्याज चालूच राहणार, मग वाढलेली रक्कम पुढच्या हप्त्यांत घालायची की मुदत वाढवायची? ज्यांनी मार्चचा हप्ता आधीच भरला त्यांचे काय? बँकेकडे पाठवून झालेल्या ऑटो-डेबिटच्या सूचना कशा रोखायच्या? थकीत दिवसांची मोजणी थांबवली नाही तर क्रेडिट ब्युरोकडे जाणाऱ्या अहवालात ग्राहक थकबाकीदार दिसेल, त्याचे काय? आणि ही मुदत आणखी वाढली तर? ती पुढे खरोखरच ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. ऑक्टोबरमध्ये सरकारने दोन कोटींपर्यंतच्या पात्र कर्जांवर चक्रवाढ आणि सरळ व्याजातला फरक परत देण्याचे ठरवले, आणि तो ज्यांनी हप्ते थांबवले नव्हते त्यांनाही मिळायचा होता. सहा महिन्यांचे आकडे कर्जनिहाय वेगळे ठेवावेत हा आग्रह त्याच टेस्टरने धरला होता, त्यामुळे ते काम आम्हाला तुलनेने सोपे गेले.

त्या स्टोरीवर नोंदवले गेलेले बग मात्र अगदी मोजके होते, कारण बहुतेक बग कोडमध्ये उतरण्याआधीच मिटले होते. बगची संख्या मोजणाऱ्या फॉर्मनुसार ते वर्ष त्या टेस्टरसाठी सामान्य ठरले.

म्हणून टेस्टरची वाढ मी तीन गोष्टींत पाहते : त्याचे प्रश्न किती आधी येतात, विषयाची त्याची जाण किती खोल आहे, आणि त्याच्या कामाचा परिणाम एका टीमबाहेर किती टीमपर्यंत पोहोचतो. यातली तिसरी गोष्ट सर्वांत दुर्लक्षित आहे. पाच टीमच्या सामायिक जोखमी एकत्र मांडणारा, डेव्हलपरना चांगल्या युनिट टेस्ट (कोडच्या छोट्या भागांच्या टेस्ट) लिहायला बसवणारा, प्रॉडक्शनमधल्या तक्रारींमधून पुढच्या स्टोरींसाठी निकष काढणारा माणूस हाताखाली कोणी नसतानाही लीडचे काम करत असतो. आयएसटीक्यूबी या टेस्टिंगची प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेचे फाउंडेशन प्रमाणपत्र पहिली नोकरी शोधताना उपयोगी पडते, त्यापुढच्या प्रवासात त्याचा फारसा आधार मिळत नाही.

‘क्वालिटी ही सगळ्यांची जबाबदारी’ हे वाक्य मला मान्य आहे, पण टेस्टरची जागा रद्द करताना ते उच्चारणाऱ्या व्यवस्थापकांना मी एवढेच विचारेन की रिफाइनमेंटमधले असे प्रश्न आता तुमच्या टीममध्ये कोण विचारतो, त्याचे नाव सांगा. आणि टेस्टर मित्र-मैत्रिणींना विनंती आहे की असे प्रश्न बैठकीत नुसते विचारून सोडू नका. ते त्या स्टोरीच्या जिरा (कामांची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर) तिकिटावर त्याच दिवशी लिहा, त्यामुळे कोणता निर्णय बदलला तेही खाली नोंदवा आणि सेल्फ-अप्रेझल भरताना बगच्या आकड्याशेजारी त्या तिकिटांचे क्रमांक द्या.