मामा, डाळिंबाचं पाणी तोडू नका

परवा रात्री साडेदहाला सांगोल्याहून मामांचा फोन. "अगं, दोन एकर डाळिंब यंदा बिनपाण्याचं सोडू का? इस्रायलवाले सातव्या वर्षी तसंच करतात म्हणे." मेसेज त्यांनी पाठवलाच होता: इस्रायलमध्ये दर सातव्या वर्षी सगळी शेती बंद, झाडांना पाणीसुद्धा नाही, कर्जं माफ, जगभरचे ज्यू हे पाळतात आणि म्हणूनच तिथलं वाळवंट हिरवं झालं. खाली हात जोडलेले तीन इमोजी.

आधी पाण्याचं, कारण त्यात झाडं जातील. या सातव्या वर्षाला श्मिता म्हणतात. बायबलात लेवीय २५ उघडून बघा. मनाई आहे ती पेरणीची, द्राक्षवेलींच्या छाटणीची आणि मालकीहक्कानं पीक गोळा करण्याची. झाड जगण्यापुरतं पाणी द्यायला धर्मशास्त्र्यांनी जुन्या काळापासून मुभा दिलेली आहे. जगवा, पण वाढवायच्या खटपटीत पडू नका, एवढाच त्यांचा आग्रह. बहार धरताना आपण काही दिवस पाणी तोडून देतो तो ताण वेगळा. पानगळ झाली की पाणी सोडतोच ना? वर्षभराचा ताण म्हणजे सरपण.

सगळी शेती बंद? छे. १८८८-८९ च्या श्मितेपासून पळवाट आहे: वर्षापुरती जमीन कागदोपत्री ज्यू नसलेल्याला विकायची आणि शेती चालू ठेवायची. पुढे ज्यू धर्मगुरू (रब्बी) अब्राहम कूक यांनी तिची बाजू घेतली. कर्मठांना ती आजही मान्य नाही. काही शेतकरी खरंच रान मोकळं सोडतात, त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण इ.स.पूर्व दुसऱ्या शतकात बेथ-सूर या ज्यूंच्या गडाला वेढा पडला, तेव्हा सातवं वर्ष असल्यानं आत धान्यच नव्हतं आणि लोकांना गड सोडावा लागला. मक्काबींच्या पहिल्या पुस्तकातच, म्हणजे त्या लढ्याच्या जुन्या ज्यू इतिहासातच, लिहिलंय.

कर्जमाफी ग्रंथात आहे, बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात, अध्याय १५. झालं काय, तर सातवं वर्ष जवळ आलं की गरिबाला कोणी उसनं देईना. शेवटी हिल्लेल या ज्यू धर्मगुरूनं 'प्रोझबूल' नावाचा दस्त काढला: येणं न्यायालयाकडे सोपवायचं, म्हणजे ते बुडत नाही. आपल्या कर्ज देणाऱ्या सोसायटीच्या सचिवाला हा मेसेज दाखवा, मग बघा.

जगभरचे ज्यू हे पाळतात, हेही खरं नाही. शेतीचा हा नियम इस्रायलच्या भूमीपुरता. आपल्या कोकणातले बेने इस्रायली शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शनिवार तेली. सातव्या वर्षाचं बंधन इथल्या जमिनीला नव्हतंच.

बरं, जमिनीला विश्रांती मिळते हे मान्य. पड ठेवल्यानं कस वाढतो असं मायमोनिडीज या ज्यू पंडितानं बाराव्या शतकात लिहून ठेवलंय. पण मूळ ग्रंथाचा रोख दुसरीकडे आहे. निर्गम २३ म्हणतो, त्या वर्षी जे उगवेल ते गरिबांनी खावं, उरेल ते रानातल्या जनावरांनी. कुंपण काढा, असं मेसेज कुठे सांगतो? आणि कसच हवा असेल तर बेवड, म्हणजे पिकांची फेरपालट, आजोबांनाही कळत होता. रिकाम्या तुकड्यात ताग पेरून गाडा.

वाळवंट हिरवं झालं त्यात ठिबकचा वाटा मोठा. १९६५ मध्ये इस्रायलमधल्या हत्झेरिमच्या किबुत्झमध्ये (सामूहिक शेतीच्या वसाहतीत) त्याचा कारखाना निघाला. त्याच जातीच्या नळ्या मामांच्या बागेत अंथरलेल्या आहेत.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. "बरं, मग गड्याला ठिबकचा वॉल सोडायला सांगतो."

म्हणजे बंद केला होता!