मतदार लोणावळ्याला गेला म्हणे!

निवडणुकीचा विषय निघाला की तो मेसेज येतोच. परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर चौथ्या मजल्यावरच्या काकांनी टाकला, खाली हात जोडलेले तीन इमोजी. गोषवारा असा: मतदानाचा टक्का दर निवडणुकीत घसरतोय. शहरातला शिकलेला माणूस जोडून सुट्टी काढतो नि लोणावळ्याला पळतो, झोपडपट्टीतला पाचशे रुपये घेऊन रांगेत उभा राहतो, म्हणून देशाची ही गत. उपाय एकच. ऑस्ट्रेलियासारखं मतदान सक्तीचं करा, मत न देणाऱ्याचा पासपोर्ट नि गॅसची सबसिडी बंद करा. तोवर 'नोटा' म्हणजे 'वरीलपैकी कुणीही नाही'चं बटण दाबा, नोटाला जास्त मतं पडली की निवडणूक रद्द!

काका मनाने चांगले आहेत, आणि मत बुडवणाऱ्याचा राग मलाही येतो. पण मेसेज चाळणीतून काढला तर वर फारसं काही उरत नाही.

पहिलं, टक्का घसरतोय हे. 1951-52 च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत देशात साधारण 45 टक्के मतदान झालं होतं. 2009 ला ते 58 टक्के होतं, 2014 ला 66.4, 2019 ला 67.4 आणि 2024 ला 66.1. शेवटच्या खेपेला टक्काभर उतरलं, हे खरं. त्याला दर वेळची घसरण म्हणायचं तर शेअर बाजारवाले हसतील. आपल्या विधानसभेला 2019 मध्ये 61 टक्के मतदान होतं, 2024 मध्ये 66 झालं. 1995 नंतरचं हे सगळ्यात जास्त. शिवाय 2019 च्या लोकसभेला बायकांच्या मतदानाचा टक्का पहिल्यांदाच पुरुषांच्या पुढे गेला. घसरणीची गोष्ट सांगणाऱ्यांच्या नजरेतून ही एवढी मोठी गोष्ट कशी सुटते कोण जाणे.

आता लोणावळा. मुंबईत मतदान कमी होतं, यात वाद नाही. 2024 च्या विधानसभेला कुलाब्यात 44 टक्के झालं, आणि त्याच दिवशी कोल्हापूरच्या करवीरमध्ये 84 च्या वर. पण जोडसुट्टीची परीक्षा आपोआपच होऊन गेली आहे. लोकसभेला मुंबईने 20 मे 2024 रोजी मत दिलं, तो सोमवार होता. शनिवार-रविवारला जोडून पळायला अगदी सोयीचा. शहरी मतदार घराबाहेर पडावा म्हणून विधानसभेचं मतदान मुद्दाम 20 नोव्हेंबरला, बुधवारी ठेवलं. लोकसभेला दक्षिण मुंबईत 50 टक्के होतं, बुधवारी मुंबई शहर जिल्ह्यात 52 झालं. लोक खरंच लोणावळ्याला जात असते तर बुधवारी केंद्रांवर जत्रा भरायला हवी होती.

शहर आणि शिक्षण हे कारण असेल तर गोव्याचं काय करायचं? 2011 च्या जनगणनेत गोव्याची 62 टक्के लोकसंख्या शहरी होती, महाराष्ट्राची 45. साक्षरतेतही गोवा पुढे. (आणि सुट्टी घालवायला तिथल्या माणसाला घाटही चढावा लागत नाही.) तरी 2022 च्या विधानसभेला गोव्यात 79 टक्के मतदान झालं. मला दिसतो तो फरक मतदारसंघाच्या आकाराचा. गोव्यात साधारण साडेअकरा लाख मतदारांना 40 आमदार, म्हणजे एकामागे जेमतेम 29 हजार. मुंबईत एक कोटीहून जास्त मतदारांना 36, म्हणजे एकामागे पावणेतीन लाखांच्या वर. तिकडचा उमेदवार घरी येऊन चहा पितो, कुणाच्या बाराव्याला-लग्नाला भेटतो. आमच्याकडे तो फ्लेक्सवर भेटतो.

पण खरी गोम यादीत आहे. आमच्या इमारतीची यादी मी आणि दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी एका रविवारी पेन्सिल घेऊन वाचली. तळमजल्यावरचे आजोबा जाऊन सहा वर्षं झाली. यादीत त्यांचं वय मात्र वाढतंय. लग्न होऊन गेलेल्या दोन मुली माहेरच्या आडनावाने अजून इथेच. बंगळुरूला गेलेले भाडेकरू इथेच. उलट तीन वर्षांपासून राहणारं जोडपं यादीत नाहीच. समोरच्या ब्लॉकमधल्या नवऱ्याचं केंद्र जवळच्या शाळेत, बायकोचं रेल्वेपलीकडच्या. ती सकाळी ऊन व्हायच्या आत निघाली, तिथे कळलं की मोबाइल आत चालणार नाही. ठेवायची सोय नाही. परत आली, घरी फोन ठेवून पुन्हा गेली. तिच्या जागी मी असतो तर गेलो असतो का, छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

टक्का काढताना भागायला हीच यादी घेतात. समजा शंभर नावांतली पंधरा अशी वारलेली किंवा गेलेली आहेत आणि पन्नास जणांनी मत दिलं. कागदावर पन्नास टक्के. हयात आणि हजर माणसं धरली तर एकोणसाठ. उरलेल्या नऊ टक्क्यांची शिवी लोणावळ्याच्या खात्यात जमा.

पोट शहरात आणि नाव गावच्या यादीत असलेल्यांचं आणखी वेगळं. विधानसभा ऑक्टोबर-नोव्हेंबरात आली की बीडचा ऊसतोड कामगार कोयता घेऊन निघण्याच्या बेतात असतो किंवा फडात पोचलेला असतो. 2019 ला देशात तीस कोटी मतदारांनी मत दिलं नाही, हे निवडणूक आयोगानेच 2022 च्या शेवटी सांगितलं आणि त्यात स्थलांतर हे मोठं कारण मानलं. एका यंत्रावरून 72 मतदारसंघांचं मतदान घेता येईल, असं दूरस्थ मतदान यंत्र बनवून जानेवारी 2023 मध्ये पक्षांना बोलावलं. विरोधी पक्षांनी शंका काढल्या आणि ते यंत्र तिथेच राहिलं. शंका रास्त असतीलही. पण फडातल्या माणसाला आळशी म्हणू नका.

पाचशे रुपयांबद्दल थोडक्यात. पैसे वाटले जातात, सोसायट्यांमध्येही. रंगकाम आणि पेव्हर ब्लॉकच्या रूपाने आले की त्यांना विकासकामं म्हणतात, एवढंच.

सक्तीसाठी ऑस्ट्रेलियापर्यंत जायला नको, शेजारी गुजरातने करून पाहिलं. स्थानिक निवडणुकांत मतदान सक्तीचं करणारं विधेयक 2009 मध्ये आलं, मंजुरी 2014 मध्ये मिळाली, 2015 मध्ये शंभर रुपये दंड ठरला आणि त्याच वर्षी उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. विधी आयोगानेही 2015 च्या अहवालात सक्ती नको म्हटलं. ऑस्ट्रेलियात 1924 पासून सक्ती आहे आणि टक्का नव्वदीच्या आसपास राहतो, हे मान्य. पण दंड फक्त वीस डॉलर, पासपोर्टला कुणी हात लावत नाही. मतदान शनिवारी असतं, आधीही करता येतं, टपालाने करता येतं, आपल्या राज्यातल्या कुठल्याही केंद्रावर करता येतं. पत्ता बदलला तर सरकारी नोंदी पाहून आयोग स्वतःच यादी दुरुस्त करू शकतो. मेसेजने त्यातला दंड तेवढा उचलला.

नोटाचं तर सरळ चूक आहे. लोकसभा-विधानसभेला नोटाला कितीही मतं पडोत, उमेदवारांत जो पुढे तो निवडून येतो. 2024 ला इंदूरमध्ये नोटाला दोन लाखांहून जास्त मतं पडली, तरी खासदार झालाच. फेरनिवडणुकीचा नियम आपल्या राज्य निवडणूक आयोगाने 2018 मध्ये केला, तो फक्त स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी. त्याच संस्थांचं पाहा: मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि मतदान जानेवारी 2026 मध्ये झालं. मधली जवळपास चार वर्षं प्रशासक. तेव्हा कुठला मेसेज फिरल्याचं मला आठवत नाही.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं. काकांनी अंगठा दाखवला आणि अर्ध्या तासाने खाजगीत विचारलं, "माझं नाव अजून गिरगावातच आहे, तिकडे जायला जमत नाही. इथे कसं आणायचं रे?" यादीतला पत्ता बदलायचा अर्ज, म्हणजे नमुना 8, भरायला आम्ही बसलो. ओटीपी त्यांच्या मुलाच्या नंबरवर जातो, आणि मुलगा फोन उचलत नाहीये.