भरती, ओहोटी आणि गुलाबाचं फूल

रविवारी दादर चौपाटीवर कचरा उचलायला जाणाऱ्या आमच्या मंडळींचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे आणि मी त्याचा ॲडमिन आहे. आधीच्या ॲडमिनची पुण्याला बदली झाली, तेव्हा माझा फोन हातात होता, एवढीच माझी पात्रता.

समुद्राला रविवार कळत नाही. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे या रविवारी सकाळी सातला ओहोटी असेल, तर पुढच्या रविवारी सातला जवळजवळ भरतीच. म्हणून दर शुक्रवारी मी वेळ कळवतो : "रविवारी अकरा वाजता. हातमोजे आणा." खरं तर एवढ्यासाठीच हा ग्रुप. पण पाचव्या मिनिटाला त्याच्या डोक्यावर गुलाबाचं फूल येऊन पडतं. मग सूर्योदय. मग गुडघेदुखीवर मेथी. मग कुणाच्या तरी नातवाचं अभिनंदन, त्याबद्दल आभार, आभारांना जोडलेले हात. शनिवारी रात्री कुणीतरी विचारतंच, "उद्या किती वाजता?"

गेल्या पावसाळ्यात दोघं सवयीने सातला पोचले. वाळू गायब, लाटा थेट कठड्यावर. त्यांनी तिथूनच फोटो टाकला : "आम्ही आलोय. चौपाटी कुठंय?"

गुलाबांचे मुख्य पुरवठादार म्हणजे प्रभादेवीचे काका. दिवसाला चाळीस फॉरवर्ड. आणि अडचण अशी की तीन वर्षांत एकही रविवार न चुकलेला माणूसही तोच. गोणी एकट्याने खांद्यावर मारतात. फुकट राबणाऱ्या माणसाला काय बोलणार? पगारच नाही, तर कापणार कुठून!

एकदा काकांनी राजकारणावरचं असं काही टाकलं की दोन जण एकमेकांचे पूर्वज काढायला लागले. मी तो मेसेज उडवला. त्या जागी 'हा मेसेज ॲडमिनने डिलीट केला' अशी पाटी लागली आणि मूळ मेसेज ज्यांनी बघितलाही नव्हता, ते जागे झाले. "काय होतं?" "कोणाचं होतं?" दोघं तर "मी वाचलाय" एवढ्यावर दिवसभर भाव खात होते. रात्री काकांचा फोन.

"अरे, तीन वर्षं मी समुद्रातून लोकांच्या चपला नि चड्ड्या वेचतोय, आणि तू माझाच मेसेज कचऱ्यात टाकतोस?"

यावर उत्तर नसतं. आमच्यातल्या वकीलबाईंनी धीर दिला, की सामाईक हेतू नसेल तर दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच म्हटलंय. बरोबर आहे. पण तेव्हा ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज सर्वांसाठी पुसताच येत नव्हता. ती सोय २०२२ मध्ये आली. न्यायालयाने मला सोडलं, काकांनी नाही.

मग चिडून मी 'फक्त ॲडमिन लिहू शकतील' हे बटण दाबलं. काय शांतता! शुक्रवारचा माझा मेसेज रविवारपर्यंत एकटाच, राजासारखा वर बसून होता. रविवारी चौपाटीवर आले चार जण. एरवी तीस येतात.

"तुला काय वाटलं, मी कचऱ्याच्या ओढीने येते?" बँकेतल्या मावशी थर्माकोलचा तुकडा गोणीत कोंबत म्हणाल्या. "मी लिहिते, थालीपीठ आणतेय. की तिघी म्हणतात, आम्हीही येतो. तू तोंडच शिवलंस सगळ्यांचं. थालीपीठ मग आणू कुणासाठी?"

भाचा मराठी विकिपीडियावर लिहितो. तो म्हणाला, "मामा, आमच्याकडे गप्पांना वेगळं पान आहे, चावडी. आणि कुणी काही काढलं तरी कोणी, कधी काढलं ते इतिहासात दिसतं." मला पटलं. फुलांसाठी मी वेगळा ग्रुप काढला. अकरा जण आले आणि अकराही गप्प. ज्यांना फुलं हवीच आहेत त्यांना फुलं पाठवण्यात गंमत ती काय? गुलाब पुन्हा मूळ ग्रुपवर उमलले.

शेवटी मावशी म्हणाल्या, "काकांनाच ॲडमिन कर." मी केलं. हरलेला माणूस काहीही करतो. पुढच्या शुक्रवारी मी नेहमीप्रमाणे वेळ टाकली आणि दहा मिनिटांत तिथे पाटी लागली : 'हा मेसेज ॲडमिनने डिलीट केला.' मी फोन लावला.

"अरे, आधी नमस्कार नाही, चमत्कार नाही. थेट 'हातमोजे आणा'? ही काय पद्धत झाली? थांब, मी टाकतो."

टाकलं. भलामोठा लाल गुलाब, पाकळ्यांवर दवबिंदू, आणि खाली पिवळ्या अक्षरांत : 'शुभ रविवार! ओहोटी १०.५०. हातमोजे विसरू नये.'

त्या रविवारी एकतीस जण वेळेवर हजर होते. नमस्कार न करता कामाला लागलेला मी एकटाच.