तरंडा दिसला पाहिजे

सांगलीत संध्याकाळी गळ टाकून बसणाऱ्याला माशापेक्षा सूर्याचा जाच अधिक होतो. गाव कृष्णेच्या पूर्व काठावर आणि सांगलवाडी पश्चिमेला, त्यामुळे कलते ऊन थेट समोरून येते, आयर्विन पुलापासून खालचे सारे पात्र चकाकू लागते आणि त्या चकाकीत गळाच्या दोरीवर तरंगणारा, मासा ओढताच बुडणारा सुपारीएवढा तरंडा शोधताना डोळ्यांना पाणी येते. जुन्या हवाई चपलेचा तुकडा कापून, त्यातून बांबूची बारीक काडी आरपार घालून केलेला माझा तरंडा उत्तम तरंगत असे. फक्त तो दिसत नसे.

झगझगीत नारिंगी रंग मागताच दुकानदाराने ‘गेटला की गाडीला?’ असे विचारले. ‘तरंड्याला’ या उत्तरावर त्याने जो डबा काढला, तो माझ्यासह पुढच्या दोन पिढ्यांच्या तरंड्यांना पुरला असता. असा रंग थेट लावून भागत नाही, कारण तो खालचे झाकत नाही. आधी पांढरा हात द्यावा लागतो, तो नीट वाळवावा लागतो, आणि मगच नारिंगी खुलतो. वाळवण्यासाठी काड्या बटाट्यांत खोचून खिडकीत ठेवल्या, तेव्हा शेजारच्या काकूंनी आईला हळूच विचारले, ‘ही कसली पूजा मांडलीय?’ आईने बटाट्यांकडे एकवार पाहिले आणि त्या दिवशीची भाजी वांग्याची केली.

चपलेचे रबर दाबले की दबते आणि ऑइलपेंट मात्र दबत नाही, म्हणून बोटांत धरताच रंगाचे पापुद्रे सुटू लागले. तेव्हा रबर सोडून फक्त काडीचे टोक रंगवावे, हे ठरले. पाण्याखालच्या भागाला तर रंगाची गरजच नसते, कारण खालून पाहणाऱ्या माशाला उजळ आभाळापुढे कोणताही तरंडा काळपटच दिसतो.

खरी पंचाईत रंगाच्या निवडीची. भर दिवसा आपला डोळा सुमारे 555 नॅनोमीटरच्या पिवळसर हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक दाद देतो, पण अंधारू लागले की ही दाद निळ्याकडे सरकते आणि लाल रंग काळवंडतो. चेक शरीरशास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी 19व्या शतकातच हे टिपून ठेवले आहे. समोरून ऊन येत असताना तर नारिंगीची मिजास मुळीच चालत नाही, कारण आपल्याकडची बाजू सावलीत असते. तिथे साधा काळाच उठून दिसतो. म्हणून शेवटी टोक काळे, त्याखाली पांढरा पट्टा आणि त्याखाली पिवळा, अशी काडी सजली. नारिंगीचा डबा माळ्यावर गेला.

आता तरंडा दिसतो, आणि तो साऱ्या घाटाला दिसतो. पूर्वी मासा लागला की नाही, हा प्रश्न माझा एकट्याचा होता. आता फिरायला आलेली मंडळी, क्लास बुडवून आलेली पोरे, सगळेच एका सुरात ‘काका, बुडालं!’ म्हणून ओरडतात आणि मी दचकून नुसता गळ वर ओढतो. यात सर्वांत दक्ष एक माळकरी आजोबा आहेत. परवा त्यांनी ‘ओढ की लेका!’ म्हणून काठी आपटली, तेव्हा मी अदबीने विचारले, ‘आजोबा, तुम्ही तर माळकरी?’

‘खायाचा न्हाई,’ आजोबा तरंड्यावरची नजर न काढता म्हणाले, ‘बघायचा न्हाई असं कुठं लिवलंय?’